इंग्रजी वाक्यं जोडताना: 'बट', 'सो', 'बिकॉज', 'अनलेस' यांतला नेमका शब्द कसा निवडायचा

'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी प्लेड.' मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांच्या वह्यांमध्ये हे वाक्य हमखास भेटतं, आणि मोठ्यांच्या ऑफिसच्या ईमेलमध्येही भेटतं. लिहिणाऱ्याला 'ऑलदो'चा अर्थ माहीत असतो, 'बट'चाही माहीत असतो. तरीही वाक्य चुकतं, कारण 'जरी पाऊस पडत होता, तरी आम्ही खेळलो' हे मराठी वाक्य डोक्यात आधी तयार होतं आणि मग 'जरी'च्या जागी एक इंग्रजी शब्द बसतो, 'तरी'च्या जागी दुसरा.

जोडशब्दांच्या बहुतेक चुका अशाच होतात. आपल्याकडे कंजंक्शन शिकवताना फळ्यावर यादी लिहितात: बिकॉज म्हणजे कारण, सो म्हणजे म्हणून, दॅट म्हणजे की. यादी पाठ होते, पण लिहायला बसलं की अपुरी पडते. मराठीतला एकटा 'म्हणून' इंग्रजीत तीन ठिकाणी फुटतो, 'की' चार ठिकाणी, आणि 'पर्यंत'चीही तीच गत. त्यामुळे मी नेहमी सांगतो तो क्रम असा: आधी दोन वाक्यांमधलं नातं ओळखायचं, मग त्या नात्याचा इंग्रजी शब्द घ्यायचा, आणि तो शब्द सोबत कोणता काळ, कोणता शब्दक्रम, कोणतं विरामचिन्ह आणतो ते तपासायचं. इंग्रजी उदाहरणं इथे देवनागरीत लिहिली आहेत. ती मोठ्याने वाचलीत तर जास्त उपयोग होईल.

आधी वाक्य सुटं करा

मराठीत आपण कितीतरी वेळा जोडशब्द न वापरताच वाक्यं जोडतो. जोड क्रियापदाच्या शेवटालाच असते. 'घरी जाऊन जेवलो', 'गाडी चुकल्यामुळे उशीर झाला', 'सांगूनही ऐकलं नाही', 'तू आल्यावर निघू'. हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की इथे दोन वाक्यं आहेत हे लक्षातच येत नाही. मग 'मुळे म्हणजे बिकॉज ऑफ' असं आठवून विद्यार्थी लिहितो: 'बिकॉज ऑफ आय मिस्ड द ट्रेन, आय वॉज लेट.' हे चूक आहे.

पहिली पायरी म्हणून अशा वाक्याचे दोन तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा कर्ता व क्रियापद द्या. 'माझी गाडी चुकली. मला उशीर झाला.' इंग्रजीत: 'आय मिस्ड द ट्रेन. आय वॉज लेट.' आता जोडा: 'आय वॉज लेट बिकॉज आय मिस्ड द ट्रेन.' 'बिकॉज'नंतर पूर्ण वाक्य येतं. 'बिकॉज ऑफ'नंतर नाम किंवा नामासारखा शब्दसमूह येतो: 'बिकॉज ऑफ द रेन', 'बिकॉज ऑफ द ट्रॅफिक'.

हाच फरक आणखी दोन जोड्यांत आहे. 'ऑलदो'नंतर वाक्य, 'इन स्पाइट ऑफ' किंवा 'डिस्पाइट'नंतर नाम: 'ऑलदो इट वॉज रेनिंग' पण 'डिस्पाइट द रेन'. ('डिस्पाइट'ला 'ऑफ' लागत नाही. ही चूक फार पसरलेली आहे.) आणि 'वाइल'नंतर वाक्य, 'ड्युरिंग'नंतर नाम: 'वाइल आय वॉज स्टडिइंग', 'ड्युरिंग द एक्झाम'. पुढे काय लिहायचंय, वाक्य की नाम, हे एकदा पाहिलं की यातला योग्य शब्द आपोआप ठरतो.

'घरी जाऊन जेवलो' याचेही दोन तुकडे होतात आणि जोड साध्या 'अँड'ची निघते: 'आय वेंट होम अँड एट.' 'सांगूनही ऐकलं नाही' याचे तुकडे 'मी त्याला सांगितलं' आणि 'त्याने ऐकलं नाही'. नातं विरोधाचं, म्हणून 'आय टोल्ड हिम, बट ही डिड नॉट लिसन.'

नात्याला मराठीत नाव द्या

शाळेच्या मराठी व्याकरणात उभयान्वयी अव्ययांचे आठ प्रकार शिकलेले आठवत असतील: समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक, आणि गौणत्वसूचक गटात स्वरूपबोधक, कारणबोधक, उद्देशबोधक, संकेतबोधक. परीक्षेपुरती घोकलेली ही नावं इंग्रजी लिहिताना खरोखर कामाला येतात. 'ही दोन वाक्यं एकमेकांना काय लागतात?' या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी आपल्याकडे तयार शब्द आहेत: भर घालणं, पर्याय देणं, उणेपणा किंवा विरोध दाखवणं, परिणाम सांगणं, म्हणण्याचं स्वरूप सांगणं, कारण देणं, हेतू सांगणं, अट घालणं. काळाचं नातं या यादीत नाही, कारण 'जेव्हा-तेव्हा' मराठी व्याकरण वेगळ्या खात्यात टाकतं. इंग्रजीसाठी ते नववं नातं धरा.

आता 'म्हणून' घ्या. हा एकच शब्द आपल्या व्याकरणात तीन प्रकारांखाली येतो आणि इंग्रजीत त्याचे तीन वेगळे शब्द होतात.

'पाऊस होता म्हणून सामना रद्द झाला.' इथे परिणाम आहे. 'इट रेन्ड, सो द मॅच वॉज कॅन्सल्ड.'

'अभ्यास नीट व्हावा म्हणून तो गावाला गेला.' इथे हेतू आहे. 'ही वेंट टु हिज व्हिलेज सो दॅट ही कुड स्टडी वेल.' यात 'सो दॅट'च्या जागी नुसता 'सो' टाकून 'ही वेंट टु हिज व्हिलेज, सो ही स्टडीड वेल' लिहिलं, तर अर्थच बदलतो: तो गावाला गेला, परिणामी त्याचा अभ्यास चांगला झाला. पहिल्या वाक्यात अभ्यास झाला की नाही हे माहीत नाही, फक्त इच्छा कळते. मराठीत हा फरक 'व्हावा' या क्रियापदात असतो. 'व्हावा, यावा, मिळावं' असं रूप आणि पुढे 'म्हणून' दिसलं, तर तो हेतू आहे असं समजा आणि 'सो दॅट' घ्या. त्याच्यामागे बहुधा 'कॅन' किंवा 'विल' येतं, भूतकाळात 'कुड' किंवा 'वुड'. दोन्ही वाक्यांचा कर्ता एकच असेल तर 'सो दॅट'चा खटाटोपही नको: 'ही वेंट टु हिज व्हिलेज टु स्टडी.' मला हीच रचना जास्त आवडते. छोटी आहे आणि चुकायला जागा कमी.

'तो येतो म्हणून सांगून गेला.' इथे म्हणण्याचं स्वरूप आहे. 'ही सेड दॅट ही वुड कम.' इथे 'सो'चा संबंधच नाही.

'की'ची चार रूपं

'म्हणून'पेक्षा 'की' जास्त फसवतो, कारण त्याच्या जागी 'दॅट' टाकायची सवय फार घट्ट असते.

'तो म्हणाला की मी येतो.' इथे 'दॅट' बरोबर आहे: 'ही सेड दॅट ही वॉज कमिंग.' बोलण्यात 'दॅट' गाळलं तरी चालतं.

'तो येणार की नाही, मला माहीत नाही.' इथे शंका आहे, म्हणून 'वेदर': 'आय डू नॉट नो वेदर ही विल कम.' 'आय डू नॉट नो दॅट ही विल कम ऑर नॉट' हे चूक.

'चहा घेणार की कॉफी?' हा पर्याय, म्हणून 'ऑर': 'टी ऑर कॉफी?'

'मी पोचलो की फोन करतो.' हा काळ, म्हणून 'व्हेन' किंवा 'ॲज सून ॲज': 'आय विल कॉल यू ॲज सून ॲज आय अराइव्ह.'

या चारांखेरीज एक जागा अशी आहे जिथे 'की'साठी इंग्रजीत काहीच लिहायचं नसतं. 'त्याने मला विचारलं की तू कुठे राहतोस.' विद्यार्थी लिहितात: 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह.' प्रश्नार्थक शब्द आला की तोच जोडशब्दाचं काम करतो, 'दॅट' गळून पडतं आणि शब्दक्रम साध्या विधानासारखा होतो: 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.' मुलाखतीत किंवा वरिष्ठांना लिहिताना ही चूक लगेच कानाला खटकते, त्यामुळे यावर मुद्दाम मेहनत घ्या.

एका नात्याला एकच गाठ

मराठी दोन्ही टोकांना गाठ मारते: जरी-तरी, जर-तर, ज्याअर्थी-त्याअर्थी, जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत. इंग्रजी एकाच टोकाला मारते. हा नियम पक्का धरला तर अर्ध्याअधिक चुका थांबतात.

'ऑलदो' घेतलं तर 'बट' काढा. 'बिकॉज' किंवा 'सिन्स' घेतलं तर 'सो' काढा. 'ॲज आय वॉज इल, सो आय कुड नॉट अटेंड' हे रजेच्या अर्जांतलं नेहमीचं वाक्य. यातलं 'सो' गेलं की ते शुद्ध होतं. 'व्हेन'च्या पुढे 'देन'ची गरज नसते. 'इफ'नंतर 'देन' आलं तर ती चूक म्हणता येत नाही, पण रोजच्या लिखाणात ते बहुधा गाळतात.

'बोथ-अँड', 'ईदर-ऑर', 'नीदर-नॉर', 'नॉट ओन्ली-बट ऑल्सो' या जोड्या याला अपवाद वाटतील. त्या जोडीनेच येतात, कारण त्यांची दोन्ही अंगं दोन समान शब्दांच्या किंवा वाक्यांशांच्या पुढे बसतात. म्हणून तिथे समतोल पाहावा लागतो. 'शी स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो कोंकणी' नीटनेटकं आहे: दोन्हीकडे भाषेचं नाव. 'शी नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो कोंकणी' यात एकीकडे क्रियापद, दुसरीकडे नाम, त्यामुळे वाक्य लंगडतं. 'नीदर-नॉर'मध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं: 'नीदर द ड्रायव्हर नॉर द पॅसेंजर्स वेअर हर्ट.' आणि 'नीदर' आलं की वाक्यात वेगळा नकार नको.

नकाराचीच आणखी एक गोष्ट. 'मला चहा आणि कॉफी चालत नाही' याचं इंग्रजी 'आय डू नॉट ड्रिंक टी ऑर कॉफी' असं होतं. मराठीत 'आणि' आहे म्हणून 'अँड' लिहिलं, तर ऐकणाऱ्याला 'दोन्ही एकत्र घेत नाही' असाही अर्थ लागू शकतो.

कोणत्या वाक्याला वजन द्यायचं?

नातं कळलं, तरी एकाच नात्यासाठी दोन-तीन शब्द समोर असतात. 'बट' की 'ऑलदो'? 'सो' की 'बिकॉज'? इथे निवड व्याकरणावर नाही, तुम्हाला काय ठसवायचंय त्यावर ठरते.

'बट', 'सो', 'अँड', 'ऑर' हे दोन वाक्यांना बरोबरीने उभं करतात, आणि 'बट'नंतरचं वाक्य वाचकाच्या मनात राहतं. 'ऑलदो', 'बिकॉज', 'इफ', 'व्हेन' ज्या वाक्याला लागतात ते वाक्य गौण होतं. वजन दुसऱ्या, मुख्य वाक्याकडे जातं. नोकरीच्या अर्जात 'आय लर्न फास्ट, बट आय हॅव नो एक्स्पिरिअन्स' लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या मनात अनुभव नसणं उरतं. 'ऑलदो आय हॅव नो एक्स्पिरिअन्स, आय लर्न फास्ट' लिहिलंत तर शिकण्याची तयारी उरते. माहिती तीच आहे.

विरोध दाखवणाऱ्या शब्दांत थोडी उतरंड आहे. 'दो' बोलण्यात जास्त, 'ऑलदो' लिखाणात जास्त, 'ईव्हन दो' जोर द्यायचा असेल तेव्हा. 'येट' हा 'बट'पेक्षा धारदार आहे आणि त्यात थोडं आश्चर्य असतं: 'ही इज एटी, येट ही वॉक्स टु द मार्केट एव्हरी डे.' आणि जिथे विरोध नसून नुसती तुलना आहे, तिथे 'व्हेअरॲज' किंवा 'वाइल'. 'दादा मुंबईत असतो, तर ताई नाशिकला' या वाक्यातलं 'तर' अटीचं नाही, तुलनेचं आहे: 'माय ब्रदर लिव्ह्ज इन मुंबई, व्हेअरॲज माय सिस्टर लिव्ह्ज इन नाशिक.'

कारणासाठी नवशिक्याने 'बिकॉज'वरच भर द्यावा असं माझं ठाम मत आहे. 'सिन्स' आणि 'ॲज' हे बहुधा वाचकाला आधीच ठाऊक असलेल्या कारणासाठी, वाक्याच्या सुरुवातीला येतात: 'सिन्स टुमॉरो इज अ हॉलिडे, द बँक विल बी क्लोज्ड.' पण 'ॲज'ला काळाचाही अर्थ आहे. 'ॲज ही वॉज लीव्हिंग, आय गेव्ह हिम द की' म्हणजे तो निघत असताना किल्ली दिली, की तो निघणार होता म्हणून दिली? कळत नाही. जुन्या पद्धतीचं 'फॉर' ओळखता आलं तरी पुरे, आज ते फारसं कुणी लिहीत नाही.

'बिकॉज'चाही एक सापळा आहे, आणि तो चांगलं इंग्रजी येणाऱ्यांनाही गाठतो. मुख्य वाक्यात नकार असला की अर्थ दुहेरी होतो. 'आय डिड नॉट टेक द जॉब बिकॉज माय अंकल वर्क्ड देअर.' काका तिथे होते म्हणून मी नोकरी घेतली नाही? की नोकरी घेतली, पण काका तिथे होते म्हणून नव्हे? पहिला अर्थ हवा असेल तर कारण पुढे आणा: 'बिकॉज माय अंकल वर्क्ड देअर, आय डिड नॉट टेक द जॉब.' दुसरा हवा असेल तर सरळ दोन वाक्यं करा: 'आय टुक द जॉब, बट नॉट बिकॉज माय अंकल वर्क्ड देअर.'

अट, आणि 'पर्यंत'चा घोळ

'पाऊस आला तर आम्ही येणार नाही.' यातलं 'आला' हे रूप भूतकाळाचं, गोष्ट मात्र उद्याची. मराठीची ही लकब इंग्रजीत जशीच्या तशी जात नाही, म्हणून विद्यार्थी 'इफ इट विल रेन' असा भविष्यकाळ लावतात. इंग्रजीत अटीच्या वाक्यात साधा वर्तमानकाळ आणि मुख्य वाक्यात 'विल': 'इफ इट रेन्स, वी विल नॉट कम.' भविष्याबद्दल बोलताना 'व्हेन', 'अनटिल', 'अनलेस', 'बिफोर', 'आफ्टर', 'ॲज सून ॲज' यांच्यामागेही असाच वर्तमानकाळ येतो. 'इफ' जेव्हा 'वेदर'च्या अर्थाने, म्हणजे शंकेसाठी येतं, तेव्हा मात्र 'विल' चालतं: 'आय डू नॉट नो इफ ही विल कम.'

'अनलेस'मध्ये नकार आतच असतो. 'तू आत्ता निघाला नाहीस तर गाडी चुकेल' याचं इंग्रजी 'अनलेस यू लीव्ह नाउ, यू विल मिस द ट्रेन.' इथे 'अनलेस यू डोन्ट लीव्ह' लिहिलं की अर्थ उलटा होतो. पण प्रत्येक 'इफ नॉट'च्या जागी 'अनलेस' बसतं असंही नाही. 'तो आला नाही तर मला बरं वाटेल' इथे 'इफ ही डज नॉट कम, आय विल बी हॅपी' हेच योग्य. 'अनलेस' अपवाद सांगतं, 'एवढी एक गोष्ट झाली तरच चित्र बदलेल' अशा ठिकाणी शोभतं.

आता 'पर्यंत'. ही तीन मराठी वाक्यं शेजारी ठेवून पाहा. 'मी येईपर्यंत थांब': थांबणं मी येईतोवर चालू राहतं, म्हणून 'वेट अनटिल आय कम.' 'मी येईपर्यंत स्वयंपाक आटोप': स्वयंपाक त्या क्षणाच्या आत कधीही संपू शकतो, म्हणून 'फिनिश द कुकिंग बाय द टाइम आय कम.' 'मी आहे तोपर्यंत काळजी करू नकोस': ही मुदत नाही, अट आहे, म्हणून 'डू नॉट वरी ॲज लाँग ॲज आय ॲम हिअर.' ऑफिसात 'शुक्रवारपर्यंत अर्ज द्या' याचं 'सबमिट द फॉर्म अनटिल फ्रायडे' असं भाषांतर सर्रास होतं; तिथे 'बाय फ्रायडे' हवं.

'जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत मी जेवणार नाही' यातल्या दोन 'नाहीं'पैकी इंग्रजीत एकच उरतो: 'आय विल नॉट ईट अनटिल ही कम्स.' 'अनटिल ही डज नॉट कम' हे आपल्याकडे खूप ऐकू येतं, आणि ते चुकीचं आहे.

परीक्षेतली 'नो सूनर' आणि मंडळी

दहावी-बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात 'डू ॲज डायरेक्टेड'खाली वाक्य बदलायला येतं. त्यात 'ॲज सून ॲज' आणि 'नो सूनर-दॅन' यांची अदलाबदल ठरलेली. 'ॲज सून ॲज आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट' याचं 'नो सूनर डिड आय रीच द स्टेशन दॅन द ट्रेन लेफ्ट' होतं, किंवा 'नो सूनर हॅड आय रीच्ड'. दोन गोष्टी तपासा: 'नो सूनर'नंतर प्रश्नासारखा शब्दक्रम आला का, आणि पुढे 'दॅन'च आहे ना. 'हार्डली' किंवा 'स्कार्सली' असेल तर जोडीला 'व्हेन' येतं. 'नॉट ओन्ली' वाक्याच्या सुरुवातीला आलं की तिथेही असाच उलटा क्रम: 'नॉट ओन्ली डिड शी सिंग, बट शी ऑल्सो डान्स्ड.' रोजच्या लिखाणात 'नो सूनर' वापरायची फारशी गरज पडत नाही.

'हाउएव्हर' हे कंजंक्शन नाही

'हाउएव्हर', 'देअरफोर', 'मोअरओव्हर' यांचा अर्थ 'तथापि', 'त्यामुळे', 'शिवाय' असल्याने ते जोडशब्दच वाटतात. पण व्याकरणाने ती क्रियाविशेषणं आहेत, आणि नुसत्या स्वल्पविरामाच्या बळावर ती दोन वाक्यं जोडू शकत नाहीत. 'आय वॉज इल, देअरफोर आय डिड नॉट गो' हे चूक. त्यांच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा आणि नंतर बहुधा स्वल्पविराम. किंवा सरळ 'सो' घ्या: 'आय वॉज इल, सो आय डिड नॉट गो.'

विरामचिन्हांचं बाकीचं गणित सोपं आहे. 'बट' किंवा 'सो' दोन पूर्ण वाक्यं जोडत असेल तर त्याआधी स्वल्पविराम. गौण वाक्य आधी आलं तर ते संपल्यावर स्वल्पविराम. 'इफ', 'व्हेन', 'बिकॉज'चं वाक्य नंतर आलं तर सहसा काही नको. 'अँड' किंवा 'बट'ने वाक्य सुरू करू नये असं शाळेत बजावतात, पण चांगल्या इंग्रजी लेखनात तशी वाक्यं नेहमी दिसतात. अधूनमधून खुशाल करा.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. लेखनाच्या गुणांत सुसंगती आणि वाक्यांची जुळणी हा चारपैकी एक निकष आहे, 25 टक्के वजनाचा. त्यामुळे क्लासमध्ये जोडशब्दांची लांब यादी देतात आणि मुलं प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मोअरओव्हर', 'फर्दरमोअर'ने करतात. अशी यांत्रिक जोडणी गुण वाढवत नाही, उलट खटकते. दोन वाक्यांमधलं नातं वाचकाला न सांगता कळत असेल, तर तिथे शब्द नकोच.

एक ईमेल, सुरुवातीपासून

समजा ऑफिसला हे कळवायचं आहे: 'कालपासून मला ताप आहे आणि डॉक्टरांनी सांगितलंय की तीन दिवस आराम करा. जरी मी घरी असलो तरी ईमेल बघत राहीन. मी परत येईपर्यंत रिपोर्ट तयार व्हावा म्हणून फाइल सहकाऱ्याला दिली आहे. काही अडचण आली तर फोन करा.'

पहिल्या वाक्यातलं 'की' आज्ञा घेऊन येतं. 'टोल्ड मी दॅट टेक रेस्ट' असं इंग्रजीत होत नाही. आज्ञा किंवा सल्ला 'टु' लावून सांगतात: 'आय हॅव हॅड अ फीवर सिन्स यस्टरडे, अँड द डॉक्टर हॅज ॲडव्हाइज्ड मी टु रेस्ट फॉर थ्री डेज.'

दुसऱ्यात जरी-तरी. एक गाठ ठेवायची, आणि काम चालू राहील हे साहेबांच्या लक्षात राहायला हवं, म्हणून ते मुख्य वाक्य: 'ऑलदो आय विल बी अ‍ॅट होम, आय विल कीप चेकिंग माय ईमेल.' ('ऑलदो'च्या मागे 'विल' चालतं; वर्तमानकाळाचं बंधन काळ आणि अट दाखवणाऱ्या शब्दांपुरतंच आहे.)

तिसऱ्यात 'व्हावा म्हणून', म्हणजे हेतू, आणि कर्ते वेगवेगळे, म्हणून 'सो दॅट'. 'येईपर्यंत' ही मुदत, म्हणून 'बाय द टाइम', त्याच्यामागे साधा वर्तमानकाळ: 'आय हॅव गिव्हन द फाइल टु माय कलीग सो दॅट द रिपोर्ट विल बी रेडी बाय द टाइम आय रिटर्न.'

शेवटचं वाक्य सोपं दिसतं, पण इथे बरेच जण 'इन केस' लिहितात. 'इन केस'चा मूळ अर्थ 'न जाणो, तशी वेळ आलीच तर, म्हणून आधीच': 'टेक ॲन अंब्रेला इन केस इट रेन्स' म्हणजे पाऊस नसला तरी छत्री घेऊन ठेव. फोन मात्र अडचण आल्यावरच यायला हवा. अमेरिकेत आणि आपल्याकडेही 'इन केस' हे 'इफ'च्या अर्थाने वापरलं जातं, पण 'इफ' लिहिलं की शंकेला जागाच राहत नाही: 'प्लीज कॉल मी इफ देअर इज एनी प्रॉब्लेम.'